तृतीयक रंग

तृतीयक रंग : चित्रकला, मुद्रण, वस्त्ररंजन व सजावट या क्षेत्रांत रंगांची जी पायरीवार वर्गवारी रूढ आहे, तीतील तिसऱ्या पायरीवरील रंगांना तृतीयक रंग म्हणतात. ज्यांच्या मिश्रणाने इतर रंग मिळविता येतात, पण जे स्वतः इतर रंगांच्या मिश्रणाने मिळत नाहीत असे मानले जाते, ते प्राथमिक रंग. दोन प्राथमिक रंगांच्या मिश्रणाने मिळणारे ते द्वितीयक रंग. द्वितीयक रंग हा एक घटक म्हणून घेऊन केलेल्या मिश्रणाने मिळतात ते तृतीयक रंग होत. चित्रकारांच्या परंपरेनुसार तांबडा, पिवळा व निळा हे तीन प्राथमिक आणि नारिंगी, हिरवा व जांभळा हे तीन द्वितीयक रंग आहेत.

ही व्याख्या वरवर सोपी वाटली, तरी तीत एक महत्त्वाची गोष्ट अनिर्णित राहते. द्वितीयक रंग कशात मिसळावयाचा, हे तीवरून कळत नाही. तो शेजारच्या प्राथमिक रंगात मिसळला, तर शुद्ध व उजळ रंग मिळतो. दुसऱ्या द्वितीयक रंगात मिसळला, तर मंद व करडा रंग मिळतो. या दोन्ही प्रकारच्या रंगांना तृतीयक हेच नाव देण्याची प्रथा कलाविषयक ग्रंथांत आढळते. त्यामुळे एका पुस्तकातील व्याख्या व दुसऱ्यातील कृती एकत्र करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती अपेक्षित तेजस्वी रंगाऐवजी चिखलासारखा गढूळ रंग येतो. म्हणून या संज्ञेचे दोन्ही अर्थ वेगळे ओळखणे आवश्यक ठरते.

संज्ञेचे दोन अर्थ : पहिल्या अर्थाने तृतीयक रंग सहा आहेत. रंगचक्रावर प्रत्येक प्राथमिक रंग व त्याच्या लगतचा द्वितीयक रंग यांच्या दरम्यान एकेक तृतीयक रंग येतो. तांबडा-नारिंगी, पिवळा-नारिंगी, पिवळा-हिरवा, निळा-हिरवा, निळा-जांभळा व तांबडा-जांभळा ही त्यांची जोडनावे होत. यांपैकी बहुतेकांना मराठीत स्वतंत्र नावे आहेत. तांबडा-नारिंगी म्हणजे शेंदरी, पिवळा-नारिंगी म्हणजे पिकल्या आंब्याचा रंग, पिवळा-हिरवा म्हणजे पोपटी, निळा-हिरवा म्हणजे मोरपंखी आणि तांबडा-जांभळा म्हणजे साधारणतः गुलबक्षी. निळा-जांभळा रंग गोकर्णीच्या गडद फुलावरून ओळखता येतो. तीन प्राथमिक, तीन द्वितीयक व हे सहा तृतीयक मिळून बारा रंगांचे परिचित चक्र पूर्ण होते.

दुसऱ्या अर्थाने तृतीयक रंग तीनच आहेत. नारिंगी व हिरवा यांच्या मिश्रणाने मळकट पिवळसर रंग मिळतो. त्यास यूरोपीय ग्रंथांत सिट्रीन म्हणतात. नारिंगी व जांभळा यांच्यापासून रसेट म्हणजे विटकरीकडे झुकणारा तपकिरी रंग होतो. हिरवा व जांभळा यांच्यापासून ऑलिव्ह म्हणजे शेवाळी रंग मिळतो. या तिन्हींत तिन्ही प्राथमिक रंगांचा अंश असतो.

दोन्ही अर्थांतील फरक घटकांचे भाग मोजल्यास स्पष्ट होतो. नारिंगी रंगात तांबडा १ भाग व पिवळा १ भाग आहे, असे समजू. त्यात तांबड्याचे आणखी २ भाग मिसळून शेंदरी रंग केला, तर तांबडा ३ भाग व पिवळा १ भाग असे प्रमाण होते. यात निळा रंग मुळीच नाही. म्हणून मिश्रण शुद्ध राहते. उलट नारिंगी (तांबडा १, पिवळा १) व हिरवा (पिवळा १, निळा १) एकत्र केल्यास पिवळा २, तांबडा १ व निळा १ असे भाग होतात. यातील तिन्ही रंगांचा प्रत्येकी एक भाग परस्परांना मारक ठरून जवळजवळ करडा होतो व पिवळ्याचा एक भाग शिल्लक राहतो. म्हणजेच सिट्रीन हा करड्या रंगाने मंद केलेला पिवळा होय. याच न्यायाने रसेट हा मंद केलेला तांबडा व ऑलिव्ह हा मंद केलेला निळा ठरतो. प्रत्यक्षात शेवाळी रंग निळ्यापेक्षा हिरवा अधिक दिसतो. याचे कारण रंगद्रव्यांच्या प्रत्यक्ष गुणधर्मांत असून हे अंकगणित केवळ मार्गदर्शक आहे.

रंगांचे वर्णन रंगछटा, उजळपणा व संपृक्तता या तीन गुणांनी केले जाते. पहिल्या अर्थाचे तृतीयक रंग रंगछटेत वेगळे असतात. दुसऱ्या अर्थाचे तृतीयक रंग प्रामुख्याने संपृक्ततेत व उजळपणात वेगळे असतात. तपकिरी रंग हे याचे चांगले उदाहरण आहे. वर्णपटात तपकिरी रंग कोठेही नसतो. कमी उजळ नारिंगी पृष्ठभाग अधिक उजळ परिसरात पाहिला असता डोळ्यास तो तपकिरी भासतो.

ऐतिहासिक आढावा : थोड्या रंगद्रव्यांपासून इतर सर्व रंग मिळविता येतात, हा चित्रकारांचा अनुभव रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात नमूद केला. पांढरा, काळा, तांबडा, निळा व पिवळा हे रंग त्यासाठी पुरेसे असल्याचे त्यांनी सांगितले. आयझॅक न्यूटन यांनी ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात वर्णपटातील सात रंग एका वर्तुळावर मांडले व मिश्रणाचा रंग वर्तुळातील स्थानावरून काढण्याची रीत दिली. तथापि न्यूटन यांचे वर्तुळ प्रकाशाच्या मिश्रणाचे होते. त्यात प्राथमिक, द्वितीयक अशी पायरीवार मांडणी नव्हती.

रंगद्रव्यांच्या बाबतीत याकोप क्रिस्तॉफ ल ब्लाँ (१६६७–१७४१) यांचे कार्य मूलगामी ठरले. तांबडा, पिवळा व निळा अशा तीन रंगांचे तीन धातूचे पत्रे एकावर एक छापून बहुरंगी चित्रे मिळविण्याची पद्धत त्यांनी शोधली आणि १७२५ च्या सुमारास कोलोरित्तो या पुस्तिकेत तिचे तत्त्व मांडले. दृश्य वस्तूंच्या रंगांची बेरीज व प्रकाशाच्या रंगांची बेरीज या भिन्न गोष्टी आहेत, याचीही त्यांना जाणीव होती.

इंग्लंडमधील कोरीवकाम करणारे व कीटकांचे चित्रकार मोझेस हॅरिस यांनी १७७० च्या सुमारास द नॅचरल सिस्टिम ऑफ कलर्स ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत दोन रंगचक्रे होती. पहिले तांबडा, पिवळा व निळा यांच्यावर आधारलेले असून दुसरे नारिंगी, हिरवा व जांभळा यांच्यापासून होणाऱ्या मिश्र रंगांचे होते. तृतीयक रंगांचे आजचे दोन्ही अर्थ या दोन चक्रांत बीजरूपाने दिसतात. पहिल्या चक्रात शेजारच्या रंगांमधील पायऱ्या आहेत, तर दुसऱ्यात तिन्ही प्राथमिक रंगांची मंद मिश्रणे आहेत.

तृतीयक हा शब्द दुसऱ्या अर्थाने रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः इंग्लिश रसायनज्ञ व रंगनिर्माते जॉर्ज फील्ड (१७७७–१८५४) यांच्याकडे जाते. क्रोमॅटोग्राफी (१८३५) या त्यांच्या ग्रंथाचा चित्रकारांवर मोठा प्रभाव पडला. पिवळा ३, तांबडा ५ व निळा ८ या प्रमाणात हे रंग परस्परांचा परिणाम नाहीसा करतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यावरून नारिंगीचा अंक ८, हिरव्याचा ११ व जांभळ्याचा १३ होतो. पुढे सिट्रीन १९, रसेट २१ व ऑलिव्ह २४ असे तृतीयक रंगांचे अंक निघतात. वास्तुशिल्पज्ञ ओएन जोन्स यांनी लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनातील स्फटिकप्रासादाची अंतर्गत रंगयोजना करताना आणि द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट (१८५६) या ग्रंथात हीच प्रमाणे स्वीकारली. नंतरच्या प्रत्यक्ष मोजमापांत मात्र या अंकांना आधार मिळाला नाही.

पॅरिस येथील गोब्लँ कारखान्याच्या रंजन विभागाचे प्रमुख मीशेल यूझेन शव्हरल (१७८६–१८८९) यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात शेजारी ठेवलेल्या रंगांचा परस्परांवर होणारा परिणाम विशद केला. एखादा धागा मळकट दिसतो, याचे कारण पुष्कळदा रंजकात नसून लगतच्या धाग्याच्या रंगात असते, हे त्यांनी दाखवून दिले. हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५२ मध्ये प्रकाशांचे मिश्रण व रंगद्रव्यांचे मिश्रण यांतील भेद शास्त्रीय पायावर स्पष्ट केला. विसाव्या शतकात स्विस चित्रकार व शिक्षक योहानेस इटेन (१८८८–१९६७) यांच्या १९६१ मधील ग्रंथामुळे बारा भागांचे रंगचक्र जगभरच्या कलाशाळांत पोहोचले. त्यात तृतीयक रंग पहिल्या अर्थाने, म्हणजे प्राथमिक व द्वितीयक यांच्या दरम्यानचे रंग म्हणून दिले आहेत. अमेरिकन चित्रकार ॲल्बर्ट मन्सेल (१८५८–१९१८) यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पायऱ्यांची ही कल्पनाच नाही. तीत पाच मुख्य व पाच मधल्या रंगछटा असून प्रत्येक रंग छटा, उजळपणा व संपृक्तता यांच्या अंकांनी दर्शविला जातो.

भारतीय परंपरा : रंगमिश्रणाची पायरीवार वर्गवारी भारतातही प्राचीन काळापासून आढळते. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात नटाच्या अंगरचनेसाठी पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार स्वाभाविक वर्ण सांगितले आहेत. दोन वर्णांच्या संयोगाने होणारे वर्ण त्यांच्यापासून वेगळे केले आहेत. उदा., पांढरा व पिवळा यांपासून पांडू, पांढरा व तांबडा यांपासून पद्म, पिवळा व निळा यांपासून हरित, निळा व तांबडा यांपासून काषाय आणि तांबडा व पिवळा यांपासून गौर. तीन किंवा चार वर्णांच्या मिश्रणाने होणाऱ्यांना उपवर्ण म्हटले आहे. स्वाभाविक, संयोगज व उपवर्ण ही त्रिविध मांडणी प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक या मांडणीशी बरीच मिळतीजुळती आहे. तथापि तीत पांढरा रंगही मूळ वर्णांत धरलेला आहे, हा भेद लक्षणीय आहे.

भरताची आणखी एक सूचना व्यावहारिक दृष्ट्या महत्त्वाची आहे. बलवान वर्णाचा एक भाग व दुर्बल वर्णाचे दोन भाग घ्यावेत. मात्र निळा हा सर्व वर्णांत बलवान असल्याने त्याचा एक भाग असल्यास इतरांचे चार भाग घ्यावेत, असे तेथे म्हटले आहे. रंगद्रव्यांची रंगविण्याची शक्ती सारखी नसते व म्हणून समान भाग घेऊन समान परिणाम मिळत नाही, हे तत्त्व यात स्पष्टपणे ओळखलेले दिसते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रातही पाच मूळ रंग सांगून त्यांच्यापासून होणाऱ्या मिश्रणांची संख्या अगणित असल्याचे नमूद केले आहे.

अजिंठ्याच्या चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी द्रव्ये व काही लेण्यांत राजावर्त खड्यापासून केलेला निळा रंग यांचा वापर झाला आहे. मातीची रंगद्रव्ये मुळातच कमी संपृक्त असतात. त्यामुळे तेथील तपकिरी, विटकरी व शेवाळी छटा दुसऱ्या अर्थाच्या तृतीयक रंगांच्या जवळ जातात, जरी त्या सर्व मिश्रणानेच मिळविल्या होत्या असे नाही. पुढील काळातील लघुचित्रांत हरताळ व नीळ एकत्र करून हिरवा रंग करण्याची पद्धत प्रचलित होती.

मिश्रणाचे भौतिक स्वरूप : डोळ्यास दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) असते. रंगद्रव्य यांपैकी काही तरंगलांबींचा प्रकाश शोषून घेते व उरलेला परत पाठविते. त्यावरून त्याचा रंग ठरतो. दोन रंगद्रव्ये मिसळली असता प्रत्येक द्रव्य आपापल्या परीने प्रकाश शोषते आणि दोघांनीही न शोषलेला प्रकाशच डोळ्यापर्यंत पोहोचतो. यास वजाबाकीचे मिश्रण म्हणतात. घटक वाढवीत गेल्यास शोषण वाढते व मिश्रण अधिकाधिक काळवंडते. यामुळेच दोन घटकांचे शेंदरी मिश्रण उजळ राहते आणि तिन्ही प्राथमिक रंग असलेले रसेट मंद होते.

पिवळे रंगद्रव्य सामान्यतः ५०० नॅनोमीटरच्या आतील जांभळा व निळा प्रकाश शोषते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा प्रकाश परत पाठविते. हिरवट छटेचे निळे द्रव्य निळ्याबरोबर बराच हिरवा प्रकाशही परत पाठविते. दोहोंच्या मिश्रणातून हिरवा प्रकाश तेवढा वाचतो, म्हणून मिश्रण हिरवे दिसते. निळ्या द्रव्याने हिरवा प्रकाशही शोषला असता, तर मिश्रणात जवळजवळ काहीच उरले नसते. म्हणजे निळा व पिवळा मिळून हिरवा होतो हा नियम रंगांच्या नावांवर नव्हे, तर द्रव्यांच्या शोषणावर अवलंबून आहे.

रंगद्रव्यांची निवड : एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन द्रव्यांपासून अगदी भिन्न मिश्रणे होऊ शकतात. अल्ट्रामरीन हा निळा रंग जांभळ्याकडे झुकतो, तर प्रशियन ब्लू व थॅलोसायनीन ब्लू हे हिरव्याकडे झुकतात. लेमन यलो हिरव्याकडे, तर गडद कॅडमियम यलो नारिंगीकडे झुकतो. कॅडमियम रेड नारिंगीकडे, तर क्विनॅक्रिडोन रोझ जांभळ्याकडे झुकतो. शुद्ध तृतीयक रंग हवा असल्यास दोन्ही घटक एकमेकांकडे झुकणारे असावेत, हा सर्वसाधारण नियम होय. मोरपंखी व पोपटी रंगांसाठी थॅलोसायनीन ब्लू आणि लेमन यलो ही जोडी योग्य ठरते. निळ्या-जांभळ्या व गुलबक्षी रंगांसाठी अल्ट्रामरीन व क्विनॅक्रिडोन रोझ घ्यावेत. शेंदरी व आंब्याच्या रंगासाठी कॅडमियम रेड व गडद कॅडमियम यलो उपयोगी पडतात.

हा नियम मोडल्यास काय होते, हे अल्ट्रामरीन व कॅडमियम रेड यांच्या मिश्रणावरून दिसते. कॅडमियम रेड सुमारे ६०० नॅनोमीटरच्या आतील जवळजवळ सर्व प्रकाश शोषतो. त्यात निळा व जांभळा प्रकाशही नाहीसा होतो. परिणामी शाळेत शिकविल्याप्रमाणे निळा व तांबडा मिसळूनही जांभळ्याऐवजी तपकिरी-काळपट रंग हाती येतो. असा रंग आला म्हणजे मिसळणाऱ्याचे कौशल्य अपुरे पडले असे नव्हे. तांबड्या द्रव्यातच जांभळ्यासाठी लागणारा प्रकाश परत पाठविण्याची क्षमता नसते. यासाठी प्रत्येक प्राथमिक रंगाच्या उष्ण व शीत अशा दोन्ही छटा मिळून सहा रंगांची तबकडी ठेवण्याचा प्रघात कलाशिक्षणात पडला आहे.

मिश्रणाची पद्धत : मिश्रण करताना फिकट रंग आधी घेऊन त्यात गडद रंग थोडा थोडा मिसळावा. उलट क्रम ठेवल्यास गडद रंगाचा प्रभाव हटविण्यासाठी फिकट रंग फार मोठ्या प्रमाणात लागतो. प्रशियन व थॅलोसायनीन निळ्या द्रव्यांची रंगविण्याची शक्ती फार मोठी असल्याने पोपटी रंग करताना पिवळ्यात निळ्याचा अगदी अल्प अंश पुरतो. वर दिलेले ३ : १ असे प्रमाण रंगविण्याच्या शक्तीचे आहे, ते आकारमानाचे किंवा वजनाचे समजू नये.

तृतीयक रंगांचा सराव करताना प्रथम दोन प्राथमिक रंगांपासून द्वितीयक रंग तयार करावा. तो दोन्ही घटकांपासून डोळ्यास सारख्याच अंतरावर आहे, याची खात्री करून घ्यावी. नंतर त्याचे दोन वाटे करून एकात एक प्राथमिक रंग व दुसऱ्यात दुसरा प्राथमिक रंग मिसळावा. अशा रीतीने प्रत्येक जोडीपासून पाच पायऱ्या मिळतात. प्रत्येक मिश्रणापूर्वी कुंचला व तबकडी स्वच्छ धुणे आवश्यक असते, कारण तिसऱ्या प्राथमिक रंगाचा थोडासा अंशही संपृक्तता कमी करतो. नमुना कागदावर लावून वाळू द्यावा व मगच निर्णय घ्यावा. जलरंग वाळल्यावर फिके होतात, तर ॲक्रिलिक रंग किंचित गडद होतात.

मंद छटा हवी असल्यास रंगचक्रावरील समोरचा म्हणजे पूरक रंग अल्प प्रमाणात मिसळतात. बारा रंगांच्या चक्रात तृतीयक रंगाचा पूरकही तृतीयकच असतो. शेंदरीचा पूरक मोरपंखी, आंब्याच्या रंगाचा निळा-जांभळा व पोपटीचा गुलबक्षी होय. काळा रंग मिसळूनही छटा मंद होते, परंतु पुष्कळदा रंगछटाच बदलते. पिवळ्यात काळा मिसळल्यास शेवाळीकडे झुकणारा हिरवट रंग होतो, हे याचे परिचित उदाहरण आहे. पांढरा मिसळल्यास उजळपणा वाढतो, पण बहुधा संपृक्तता घटते.

प्रकाश व मुद्रण यांतील तृतीयक रंग : निरनिराळ्या रंगांचे प्रकाश एकत्र केले असता त्यांची बेरीज होते. टॉमस यंग, हेल्महोल्ट्स व जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या संशोधनातून प्रकाशाचे प्राथमिक रंग म्हणून तांबडा, हिरवा व निळा हे स्वीकारले गेले. मानवी नेत्रातील तीन प्रकारच्या शंकुपेशींशी या निवडीचा संबंध आहे. मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये तीन रंगांच्या गाळण्यांतून घेतलेली छायाचित्रे एकत्र प्रक्षेपित करून रंगीत प्रतिमा दाखविली. या पद्धतीत तांबडा व हिरवा मिळून पिवळा, हिरवा व निळा मिळून सायन आणि निळा व तांबडा मिळून मॅजेंटा हे द्वितीयक रंग मिळतात. दूरचित्रवाणी व संगणक यांच्या पडद्यावर प्रत्येक प्राथमिक रंगाची तीव्रता बहुधा ० ते २५५ या अंकांनी दर्शवितात. तांबडा २५५, हिरवा १२८ व निळा ० घेतल्यास नारिंगी रंग दिसतो. म्हणजे चित्रकाराच्या पद्धतीतील द्वितीयक नारिंगी पडद्यावर तृतीयक ठरतो.

चाररंगी मुद्रणात सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा शाई वापरतात. मॅजेंटा व पिवळी मिळून तांबडा होतो. म्हणजे चित्रकाराचा प्राथमिक तांबडा येथे द्वितीयक आहे. पिवळी पूर्ण व मॅजेंटा अर्धी छापल्यास नारिंगी हा तृतीयक रंग मिळतो. तिसऱ्या शाईचा अंश आला की तपकिरी व करड्या छटा होतात. अशा छटांमधील करडा भाग काळ्या शाईने भागविला, तर रंगीत शाईची बचत होते व छपाई अधिक स्थिर राहते. या पद्धतीपूर्वी शिलामुद्रणात निरनिराळ्या रंगांसाठी वेगवेगळ्या शिळा वापरून मधल्या छटा एकावर एक छापून मिळवीत असत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व नंतर लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविलेल्या मुद्रणालयातील देवदेवतांची चित्रे याच पद्धतीने छापलेली होती.

यावरून प्राथमिक, द्वितीयक वा तृतीयक असणे हा रंगाचा अंगभूत गुण नाही, हे स्पष्ट होते. ते त्या त्या मिश्रणपद्धतीतील स्थान आहे.

दृक् मिश्रण : रंगांचे ठिपके किंवा धागे प्रत्यक्ष न मिसळता इतके जवळ ठेवले, की डोळ्यास ते वेगळे दिसत नाहीत, तर त्यांच्यापासून येणाऱ्या प्रकाशाची सरासरी डोळ्यास जाणवते. झॉर्झ सरा (१८५९–९१) या फ्रेंच चित्रकाराने १८८० नंतरच्या दशकात या तत्त्वावर बिंदुवादी चित्रे काढली. पैठणी व अन्य रेशमी वस्त्रांत ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन धूपछांव साधतात. उदा., निळा ताणा व हिरवा बाणा यांच्या विणीतून मोरपंखी छटा दिसते. कापड हलले की कधी एक, कधी दुसरा धागा अधिक प्रकाश परावर्तित करतो व छटा पालटते. वाटून एकत्र केलेल्या रंगात हा पालट मिळत नाही. या मिश्रणात शोषणाची भर पडत नसल्याने ते कालवलेल्या रंगद्रव्यांइतके काळवंडत नाही.

उपयोग व मर्यादा : कापड गिरण्यांत व रंगारी व्यवसायात बदामी, शेवाळी, विटकरी, खाकी यांसारख्या मंद छटा पुष्कळदा पिवळे, तांबडे व निळे अशा तीन रंजकांच्या मिश्रणाने मिळवितात. या छटांत प्रमाण थोडे चुकले तरी फरक चटकन डोळ्यात भरतो. म्हणून प्रत्येक घाण्यास रंग जुळविणे हे अवघड काम असते. कुबेल्का व मुंक यांनी १९३१ मध्ये शोषण व प्रकीर्णन यांवरून मिश्रणाचा रंग काढण्याची समीकरणे दिली. त्यांच्या आधारे परावर्तन मोजणारी उपकरणे व संगणक वापरून घटकांचे प्रमाण आता आधीच ठरविता येते.

तथापि दोन भिन्न मिश्रणे सूर्यप्रकाशात सारखी व दिव्याच्या प्रकाशात वेगळी दिसू शकतात. तीन घटकांच्या तृतीयक छटांत हा दोष अधिक संभवतो. साडीला जुळणारे पोलक्याचे कापड दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे. जुन्या चित्रांच्या दुरुस्तीतही नव्याने लावलेला रंग केवळ नजरेला जुळला म्हणून पुरत नाही; तो वेगवेगळ्या प्रकाशांत व काळाच्या ओघातही जुळता राहावा लागतो. मिश्रणातील एक द्रव्य प्रकाशाने विटणारे असेल, तर तेवढेच नाहीसे होऊन छटा बदलते. ॲलिझरीन क्रिमझनयुक्त जांभळे रंग कालांतराने निळसर होतात, ते यामुळेच.

काही रंगद्रव्ये विषारी आहेत. शेंदूर हे शिशाचे, हिंगूळ पाऱ्याचे व हरताळ आर्सेनिकाचे संयुग आहे. क्रोम यलोमध्ये शिसे व क्रोमियम असते. कॅडमियमयुक्त रंगांची भुकटी श्वासावाटे जाणे अपायकारक असते. शालेय सरावासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत, तसेच कुंचला ओठांनी टोकदार करण्याची सवय टाळावी.

तृतीयक ही संज्ञा वापरताना ती कोणत्या अर्थाने व कोणत्या मिश्रणपद्धतीत वापरली आहे, हे सांगणे इष्ट असते. पहिल्या अर्थाच्या सहा रंगांना मध्यस्थ रंग म्हणावे व तृतीयक हे नाव दोन द्वितीयक रंगांच्या मिश्रणासाठी राखून ठेवावे, असे काही लेखकांचे मत आहे. परंतु ही विभागणी सर्वमान्य झालेली नाही. रंगाचे नाव घटक द्रव्ये व त्यांचे प्रमाण यांसह नोंदविल्यास संदिग्धता राहत नाही व तीच छटा पुन्हा मिळविणे शक्य होते.